झिजलेली जागा

ड्युलुथचं कॅसेटचं दुकान बुडालं
तेव्हा ऑर्विल लिंडक्विस्टनं तीन खोकी उचलली,
डॉलरला चार या भावानं.

पिशाच शवपेटीचं झाकण ढकलतं
नेमक्या तिथेच पडद्यावर मुंग्या.
अख्ख्या गावानं मागे नेऊन नेऊन पाहिलेली जागा.
भीतीनं फीत झिजते, तो म्हणतो,
उंबऱ्यासारखी.

पण चाच्यांच्या सिनेमात
तलवारी कोऱ्या करकरीत.
झिजलंय भलतंच :
कप्तानाची बायको दिव्याशी पत्र वाचते,
जेमतेम अकरा सेकंद.

कोण असेल?
गोदीवरचा कुणी? की हॅगबर्गांची थोरली,
जिनं एकही कॅसेट वेळेवर परत केली नाही?

मुलानं नवी तबकडी पाठवलीय. लख्ख.
पत्रावरची अक्षरंसुद्धा दिसतात म्हणे.
तेवढ्यापुरता ऑर्विल उठतो,
कॉफी गरम करायला.