दुसरी बाजू

थंडर बे, फेब्रुवारी. तळघरात भट्टी धडधडायची,
तिची गुरगुर टेपवर आलीय, पुसता येत नाही.
डार्सी म्हणाला, राहू दे,
तीच आपली चौथी मेंबर.

पहिल्या बाजूला सगळ्यांना शिव्या आहेत:
शाळेला, धान्याच्या कोठारांना, गोठलेल्या सरोवराला,
न आलेल्या बसला
आणि बापाला, दोनदा.
तीन कॉर्ड, दीड मिनिट, खलास.
आयलाने ड्रमची काठी मोडली
आणि मोडक्या टोकानेच वाजवत राहिली.

मग कॅसेट उलटायची.

तिथे तो ओरडत नाही.
म्हणजे ओरडतो, पण आत तोंड करून,
विहिरीत वाकून हाक मारावी तसा.
‘हा राग मी कुणाकडून उसना आणलाय?’
ही ओळ त्याने कागदावर लिहिली नव्हती.
माझी बेसवरची बोटं तिथे चुकली.
ऐका, चुकलेलीच आहेत.

आणि सातव्या गाण्यात, शब्द संपल्यावर,
वरचा जिना एकदाच करकरतो.
त्याचा बाप. कागदगिरणीतून रात्रपाळी करून आलेला,
बूट हातात घेऊन मोज्यांवर चालणारा,
पोरांचं रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून.
डार्सीला हे कळलं तेव्हा
बाप नव्हता.

दोनशे कॅसेट काढल्या होत्या. एकशे साठ
अजून माझ्या गॅरेजमध्ये आहेत, खोक्यांवर तेलाचे डाग.

मुलगी सतरा वर्षांची झाली. दार आपटते.
आत काहीतरी कर्कश वाजत असतं, बहुधा तीनच कॉर्ड.
काल कामावरून उशिरा आलो,
तिच्या खोलीशी थबकलो,
आणि वाकून
नाड्या सोडू लागलो.