मगर न दिसल्याची नोंद

दांडिया बाजारात, कल्हईवाल्याच्या वरच्या खोलीत
फणसेबाई आम्हा तिघांना
प्रवासवर्णन शिकवायच्या. शनिवारी, साडेचारला.
फळ्यांच्या फटीतून नवसागराचा धूर वर यायचा.
खोकत म्हणायच्या, हाही लिहा.

बाई स्वतः सुरतेपलीकडे कधी गेल्याच नाहीत
असं लोक म्हणत.
मी विचारलं नाही.

पहिलं मी मांडूचं लिहून नेलं.
‘भव्य’ खोडलं. ‘नयनरम्य’ खोडलं.
‘इतिहासाच्या पाऊलखुणा’पाशी पेन्सिल थांबली:
कितव्या नंबरची चप्पल होती रे?
चार पानांतून उरली दीड ओळ,
बस पंक्चर झाली आणि कंडक्टरने
गोरखचिंच फोडून सगळ्यांना वाटली.
इथून सुरू कर, म्हणाल्या.

आणि आता तिकीट काढू नकोस.
काळाघोड्याच्या पुलावर जा,
तासभर उभा राहा,
नुकताच या गावात उतरल्यासारखा.

त्या पुलावरून अकरा वर्षं मी सायकलने शाळेत गेलो होतो.
कठडा छातीला लागतो हे त्या दिवशी कळलं,
आणि दगड संध्याकाळीही गरम असतो.
पण लिहिलं भलतंच:
विश्वामित्रीच्या काठी जबडा वासून
एक मगर पहुडली होती.

पाहिलीस?
असतात ना तिथे, बाई. सगळेच सांगतात.
मग सगळ्यांनाच लिहू दे की.

पुन्हा गेलो.
चिखलात काहीतरी लांबट, काळपट.
शेंगावाल्याला विचारलं, ते काय?
‘ए तो लाकडुं छे, भाई. मगर तो सवारे आवे.’
मग माझ्याकडे नीट बघून, ‘बहारगामथी?’

माझा जन्म रावपुऱ्यातला.
मी हो म्हणालो.
त्या तासापुरतं ते खोटं नव्हतं.

लाकडावर बगळा बसला, उठला.
एक बाई पुलावरून निर्माल्याची पिशवी टाकून
मागे न बघता गेली.
मी सुटे पैसे द्यायला वळलो, पुडी घेतली,
परत पाहिलं तर
बगळा तिथेच घिरट्या घालत होता
आणि खाली नुसता चिखल.

तेवढंच लिहिलं. लाकूड होतं. मग नव्हतं.
मगर हा शब्द फक्त शेंगावाल्याच्या तोंडी.

बाईंनी दोनदा वाचलं.
पेन्सिल कानावर अडकवली.
खाली कल्हईचा भाता सुस्कारत होता.

‘आणि शेंगा?’ म्हणाल्या.
‘खारट होत्या की साध्या?’