सांधा

दाणीकाकूंच्या अस्थी सोडायच्या दिवशी
मोबाईल धरायला मी उभा होतो.
नात्याने कुणी नाही. त्यांच्या गल्लीतली लाईन माझ्याकडे, एवढंच.
उंदरांनी वायर कुरतडली की फोन यायचा,
"सुकदेव, पोरगं दिसेना झालंय बघ."
मी शिडी घेऊन जायचो.

पोरगं म्हणजे शिरीष. वय पंचावन्न, मुक्काम लिस्बन.

रामकुंडावर गुरुजींनी चोपडी उघडली.
दाण्यांच्या सहा पिढ्या, शाई तपकिरी पडलेली.
मग स्क्रीनकडे बघून म्हणाले, गोत्र?
शिरीषने तोंड उघडलं
आणि तसाच राहिला.
एक डोळा अर्धा मिटलेला,
कपाळावर चक्र, फिरतंय, फिरतंय.

माझ्या बाजूने काही नाही हो, मी म्हटलं.
खरंच नव्हतं. द्वारकेपासून मुंबईपर्यंत सगळं हिरवं होतं.
नंतर कळलं, तांबड्या समुद्रात
कुणाचा तरी नांगर तळावरून फरफटत गेला होता.

समुद्र मी दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा वरून.
खालची केबल साहेबांनी दाखवली होती, वीतभर तुकडा.
डांबरात भिजलेला दोर, पोलादी तारांची वेणी, तांब्याची नळी,
आणि एवढ्या लवाजम्याच्या पोटात
काच. केसाएवढी.
माझ्या पेटीत असते तीच.
अर्ध्या कोसाच्या पाण्याखाली, जिथे ऊन कधी पोचलं नाही,
तिथून आपण उजेड पाठवतो
जेवलास का विचारायला.

गुरुजी थांबेनात. मागे तीन घरं ताटकळलेली.
"तुम्ही सोडा," म्हणाले. मला.
मी म्हटलं, माझं गोत्र मलाच ठाऊक नाही.
"हात तर आहे ना?"

एका हातात शिरीष, आ वासलेला.
दुसऱ्या हातात काकू.
इतक्या हलक्या, की कलश वाजला.

आमची नदीही अशी,
समुद्र इथून चार तासांवर, पश्चिमेला,
आणि ही त्याला पाठ दाखवून पूर्वेला निघते,
सगळं दख्खन पायाखाली घालून दुसऱ्याच समुद्राला भेटते.
काकू त्या वाटेने गेल्या. सावकाश.
त्यांना कुठे घाई होती.

मधे शिरीषचा आवाज आला दोनदा, आडवाटेने, तुटक.
चेहरा नाही.

अकराव्या दिवशी जहाज पोचलं म्हणे.
टोकं वर ओढली असतील.
कुणीतरी माझ्यासारखाच, डुलणाऱ्या खोलीत,
श्वास रोखून, काचेला काच भिडवून बसला असेल.
मग ठिणगी.
तो क्षण मला माहीत आहे.
सांधा नीट बसला तर दिसत नाही.

त्या रात्री फोन वाजला. शिरीष, स्वच्छ,
मागे भिंतीवर काकूंचा फोटो, नवा हार.
बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "कौशिक."

मी सांगितलं नाही त्याला,
की चोपडीत त्याच्या नावाखाली
गुरुजींनी बारीक अक्षरात लिहिलंय,
हस्ते सुकदेव, लाईनवाला.