घोट्याएवढा उजेड

मेन बंद केल्याबरोबर कूलर थांबला
आणि भुसावळचा मे महिना घरात आला.
सुभान तडवी पॅसेजमध्ये उकिडवा बसला,
फरशीपासून वीतभर वर पेन्सिलने चौकोन आखला,
छिन्नी लावली. विटेचं लाल पीठ
केळीच्या वेफर्सच्या डब्यापर्यंत उडालं.

"प्लगमधला घ्या ना भाभी, साठ रुपयात काम."
म्हटलं, तो काढून कोणीही मोबाइल लावतं.
भिंतीतलाच पाहिजे.
टेस्टर मुका राहिला
तेव्हाच त्याने खाचेत बोट घातलं.

हे मालगाडीवर गार्ड.
खंडव्याहून, इगतपुरीहून,
कधी दोनला येतात, कधी पावणेचारला.
माझी झोप मोडू नये म्हणून दिवा लावत नाहीत
आणि दर वेळी त्याच शिलाई मशीनवर
गुडघा आपटतात.
दातांमागे दाबलेलं "आई गं" ऐकलं
की मी डोळे न उघडता
कूस बदलायचे.

पहिल्या रात्री उजेड फरशीवर पसरला,
घोटे बुडतील इतकाच.
सकाळी बघते तर बूट दाराशी जोडीने,
हे शेजारी घोरताहेत.
कधी आले, कळलंच नाही.

आता तीनला मीच जागी.
यार्डात डबे एकमेकांना धडकतात,
पॅसेजमध्ये काहीच नाही,
नुसता उजेड.

काल झाडताना
शिलाई मशीन
चार बोटं पुढे ओढून ठेवलं.