शिरोरेषा

डॉक्टरांनी विचारलं, वय?
त्रेपन्न.
साखर?
चहात दोन चमचे, म्हटलं. ते हसले नाहीत.
तंबाखू?
सोडली, म्हणालो,
आणि खिशातली पुडी चुरचुरली.
त्यांनी लिहून घेतलं: सोडली.

तीस वर्षं शिडीवर.
मिरजेपासून पार जतपर्यंत भिंती रंगवल्या,
खतं, बियाणं, पतसंस्था,
खाली कोपऱ्यात बारीक: दस्तगीर आर्ट.
हात कायम डोक्याच्या वर.
खांद्यातली दोरी कधी उसवली कळलं नाही,
कळल्यावरही दीड वर्ष बाम चोळत काढलं.
ते दीड वर्षही फाइलीत आहे,
वयाच्या खालच्या ओळीत.

आता मगदूम मॅडमच्या खोलीत
भिंतीला तोंड करून उभा असतो.
बोटांनी चढायचं, मुंगीगत.
मॅडमनी पेन्सिलीनं खुणा केल्यात, तारखेसकट.
आठवा आठवडा: उकार लोंबतो तिथवर.
अकरावा: अक्षराच्या पोटाशी.
शिरोरेषा अजून वीतभर वर.

शेजारी बिराप्पा, सांगलीच्या हळदपेठेतला हमाल.
एकोणतीस वर्षांचा, घोड्याच्या हाडाचा.
तिसऱ्याच आठवड्यात गळ्यातली झोळी काढून
पोतं उचललं त्यानं. एकच.
मुकादमानं दुसरा माणूस बघितला होता म्हणून.
आतले टाके तुटले.
फाइलीत लिहिलंय: रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.
मुकादमाचं नाव लिहायला
त्या कागदावर रकानाच नाही.

आणि सुगंधाबाई चौगुले, एकाहत्तर.
इन्सुलिनची सुई पिशवीत, फाटलेलं माझ्याहून मोठं,
तरी त्यांचं बोट माझ्या खुणेच्या वर.
काय करता हो, विचारलं.
काय न्हाई, म्हणाल्या,
सांगतील तेवढंच करते. जास्त न्हाई, कमी न्हाई.
सून पाठीला उशा लावते, बसल्याबसल्या झोपते.
दुखलं की दुखतंय म्हणते.

मी कधी म्हणालो नाही.
रेहानानं रात्री विचारलं तर, झोप गं.
मग अंधारात डाव्या हातानं पुडी सोडायची,
तीच पुडी, जिचं नाव मी
कवठेमहांकाळच्या स्टँडसमोर
पिवळ्यावर लाल, माणूसभर उंच रंगवलं होतं.

काल मॅडम सहज बोलल्या,
शिवण कितीही चांगली घाला,
तिथवर रक्त पोचायला लागतं.
तंबाखूनं नळ्या आवळतात.
तुम्ही सोडलीय ते बरं.

आमच्या धंद्यात शिरोरेषा शेवटी मारतात,
अक्षरं सगळी उभी राहिल्यावर,
श्वास धरून, एका दमात.
मी श्वास धरला.
नाही सोडली, म्हटलं.

खोलीतली कप्पी करकरायची थांबली.
मॅडमनी फाइल उघडली, पेन शोधलं,
आणि 'सोडली'वर रेघ मारली.
डोक्यावरून नाही,
पोटातून.

बिराप्पानं सरकून जागा दिली.
मी पुन्हा उकारापासून सुरुवात केली.