पोकळ वर्तुळ

अडतीस वर्षं मी फळ्यावर तीनच चित्रं काढली:
ठिपक्यांचा पुंजका, ठिपक्यांची रांग,
आणि मूठभर मोहरी सांडावी तसे ठिपके.
केंद्रित, रेषाकृती, विखुरलेली.
मुलं वहीत उतरवून घेत.
काही जण तिसऱ्या चित्रातले ठिपकेसुद्धा मोजून काढत,
जणू मोहरीनं कुठं सांडायचं ते ठरलेलं असतं.

आज खोली रिकामी करायची आहे.
नकाशांचा खण ओढला की अजून अमोनिया नाकात जातो.
बेंडेगूझ, माझ्या जागी येणारा मुलगा,
एकेक पत्रक स्कॅनरखाली सरकवतो,
झोपलेल्या बाळाखालचं दुपटं बदलावं इतक्या हळू.

चौऱ्याहत्तरचं पत्रक.
त्या उन्हाळ्यात हंगेरीच्या मैदानातली चारशे बारा घरं
मी सायकलवरून पाहिली.
खरं सांगायचं तर चारशे अकरा.

तान्या म्हणतो आम्ही अशा घराला:
एक घर, उंच दांड्याची एक विहीर, चार अकेशिया,
आणि पुढच्या घरापर्यंत नुसता वारा.
लगतच्या शेजाऱ्याचं अंतर काढायचं सूत्र मला पाठ होतं.
उत्तर मीटरमध्ये येतं.
ते कुत्र्याच्या भुंकण्यात मोजायचं असतं
हे फार उशिरा कळलं.

चारशे बारावं, ऑगस्टातल्या एका संध्याकाळी.
मागचं चाक बसलेलं, वाळूत टाचा रुतत होत्या,
धुराड्याला धूर नाही, अंगणात बदकं नाहीत.
मी लांबूनच पाहिलं आणि वहीत
पोकळ वर्तुळ काढलं.
भरीव म्हणजे माणसं. पोकळ म्हणजे रिकामं.
सूची माझीच होती.

नकाशा देखणा झाला.
जिल्हा कचेरीच्या भिंतीवर लागला,
अध्यक्षांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला.
विजेचे खांब निघाले तेव्हा
कुणीतरी त्याच्यावरच पट्टी ठेवून रेघ ओढली.

बोरबाला नेनीनं हे रागानं सांगितलं नाही.
अकरा वर्षांनी दुसऱ्याच पाहणीसाठी मी तिच्या दारात,
ती कंदिलाची काच राखेनं घासत बसलेली.
“त्या वर्षी होय? आम्ही दोघं खालच्या वावरात
कांदे काढत होतो. चूल कशाला पेटेल?”
पावाला आलुबुखारचा मुरांबा लावून दिला.
मग म्हणाली, तुझ्या पुस्तकात आम्हाला काय म्हणतात?
विखुरलेली वस्ती, मी म्हणाले.
तिनं काच उजेडात धरून पाहिली.
“विखुरली ती पोरं. एक कॅनडात,
एक कुठं पोलादाच्या कारखान्यात.
मी तर इथंच आहे.”

मी चार अर्ज केले, विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी.
खांब आला नाही.
त्याच घरावर मी सतरा पानांचा निबंधही लिहिला,
क्षेत्रपाहणीतल्या चुकांविषयी.
त्यावर मला बढती मिळाली.
हे मी वर्गात कधी सांगितलं नाही.
परीक्षेत विचारण्यासारखं त्यात काही नव्हतं.

“बाई,” बेंडेगूझ पडद्यावर बोट ठेवतो,
“हे वर्तुळ पुसट आलंय. इथं शून्य भरू की एक?”

मी शेवटची गेले त्याला नऊ वर्षं झाली.
दाराला कुलूप होतं, पण खिडकीला धुतलेला पडदा.
पडदा म्हणजे माणूस का, ते सूचीत नाही.
नऊ वर्षांत पडदा विटतो,
किंवा कुणीतरी तो पुन्हा धुतं.

“तेवढं रिकामं ठेव,” मी म्हणते,
आणि शब्द तोंडातून गेल्यावर जीभ चावते.
“रिकामं नको. तसंच ठेव.
दुपारची बस अजून कालव्यापर्यंत जाते का रे?
पुढं चार किलोमीटर वाळू आहे.
निघण्याआधी मागचं चाक बघायला हवं.”