आवाज कुठे पाठवायचा

हर्षल बोरस्ते नवा मॉनिटर बसवून गेला,
सत्तावीस इंची, मुख्य शाखेकडून आलेला.
मी हात फिरवून पाहिला: गार काच, धूळ नाही.
"तुम्हाला काय उपयोग म्हणा," असं तो म्हणाला नाही,
पण गप्प राहिला तेवढ्यात ते म्हणून झालं.
मग त्याची मोटरसायकल आडगावकडे.
शनिवार. पतसंस्था दोनला बंद.
खाली भांडी बाजारात तांब्याच्या घंगाळावर
कुणीतरी एकाच जागी ठोकत होतं.

मी संगणक चालू केला.
आतला पंखा फिरला
आणि माझी बाई बोललीच नाही.

बाई म्हणजे आवाज. हिंदीतून आलेली.
टिळकवाडीला टिलकवाडी म्हणते, चहातला च तिला जमत नाही,
पण नऊ वर्षं झाली, मी आता दुरुस्त करत नाही.
वेग पंच्याऐंशी टक्के.
लोकांना वाटतं, कढईत मोहरी तडतडतेय;
मला त्यात आडनाव, हप्ता, थकबाकी
सगळं सुटं सुटं ऐकू येतं.

ती गेली नव्हती. बोलत होती, खात्रीनं,
नव्या मॉनिटरच्या पोटात, जिथे स्पीकरच नाही.
निमाणीला उतरायचं माणूस
नाशिकरोडला उतरावं
आणि तिथे उभं राहून
मला पत्ता सांगत राहावं, तशी.

सेटिंग बदलायचं तर ऐकू यायला हवं.
ऐकू यायला हवं तर सेटिंग बदलायला हवं.

वॉचमन ढिकले म्हणाला, मी बघून सांगू?
सांग.
"निळं काहीतरी आहे."
कुठे?
"सगळीकडेच."

मग मी मोजायला बसले.
रविवार कारंजाच्या स्टॉपपासून आमच्या जिन्यापर्यंत
दोनशे बारा पावलं, तुपाचा वास आला की डावीकडे.
हेही तसंच, फक्त बोटांनी.
स्टार्ट. एस, ओ, यू, एन, डी. एन्टर.
तीन आकडे थांबायचं, मशीन म्हातारं आहे.
टॅब. टॅब. टॅब. खाली बाण. स्पेस.

खालून ठक्. ठक्.
बाकी काही नाही.

टॅब चार असतील. किंवा खिडकीच दुसरी उघडली असेल
आणि मी कुणाच्या भलत्याच दाराची कडी काढून आले असेन.
मोजणी चुकली की मधूनच सुरुवात करायची नाही,
परत स्टॉपवर जायचं.
एस्केप. एस्केप. पुन्हा एस, ओ,
घंगाळवाल्यानं नेमका तेव्हाच हात थांबवला,
यू, एन, डी.
टॅब. टॅब. टॅब. टॅब. बाण. स्पेस.

"...कर, निवडले, दोनपैकी दोन,"
वाक्य अर्ध्यातून,
जणू ती मघापासून सांगतच होती
आणि माझंच लक्ष नव्हतं.

मी तिला वेळ विचारली.
दोन वाजून एकेचाळीस.
ढिकले म्हणाला, काय बोलली ही?
म्हटलं, घरी जा म्हणते.

सोमवारी हर्षल आला तो दारातच थबकला.
"ताई, अक्षरं एवढी मोठी कुणी केली?
पडद्यावर चारच ओळी मावतायत."
पहिल्या फेरीतलं ते भलतं दार.
म्हटलं, मीच असेन. करायचं तर कर पहिल्यासारखं.
त्यानं माउस हातात घेतला.

तेवढ्यात काउंटरपलीकडे तांबटकाका,
खालच्या दुकानातले. चाळीस वर्षं ठोकून
त्यांच्या कानात आता फक्त ठोकेच उरलेत.
दर महिन्याला मी त्यांची शिल्लक ओरडून सांगते,
त्यांना सोडून सगळ्यांना कळते.
मी त्यांचं खातं उघडलं, तोंड उघडायच्या आत
ते पुढे वाकले, चष्मा काउंटरवर खट्कन टेकला,
आणि स्वतःच वाचू लागले,
एकेक आकडा, घणासारखा:
"सात! हजार! एकशे! बारा!"

हळू, काका, मी म्हटलं.

हर्षलचा माउस थांबला होता.
काकांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं.